वकीलसाहेब, भाडं घ्यावं की नको?

वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं आणि पार्किंगची भांडणं या महिन्यातही भरपूर आली आहेत. त्यांना पुढच्या अंकात बसवतो. या वेळची बहुतेक जागा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आलेल्या एका पत्राने खाल्ली. त्याच्या आसपासचे आणखी दोन प्रश्न त्याच टपालात सापडले, तेही सोबत घेतले आहेत.

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा भाड्याने राहतो. शिकायला आला तेव्हा व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळं बघूनच खोली दिली होती. त्याचे वडील काबूलला जुन्या सरकारात नोकरीला होते. २०२१ मध्ये तिथलं राज्य बदललं आणि घरचे पांगले. आई-बहिणी पेशावरला नातेवाइकांकडे आहेत. ‘परत येऊ नकोस’ एवढंच त्या फोनवर सांगतात. त्याची शेवटची परीक्षा तोंडावर आहे आणि व्हिसाही संपत आलाय.

आमचे सासरे, आबा, जुने पैलवान. वय ऐंशीच्या पुढं. सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. हाक मारली की जेवायला यायचं, जेवायचं आणि परत भिंतीकडं तोंड करून पडायचं. हा मुलगा एकदा पाण्याची मोटर लावा म्हणून सांगायला खाली आला आणि आबांचा आखाड्यातला फोटो बघून तिथंच उभा राहिला. त्याचे आजोबाही कुस्ती धरायचे म्हणे. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं कट्ट्यावर. आबा त्याच्याकडून थंडाईचे बदाम वाटून घेतात आणि स्वतः नुसत्या चुका काढतात. आबांचं हिंदी ऐकून आम्हाला हसू आवरत नाही, त्याला मात्र सगळं कळतं.

त्याला इथं आश्रय मागता येतो का? आम्ही अडचणीत येऊ का? गल्लीतले एक जण येता-जाता विचारतात, ‘अजून ठेवलाय होय त्याला?’ आमचे हे त्याला म्हणाले, तुझे पैसे अडकलेत, आता भाडं देऊ नकोस. तेव्हापासून तो खाली यायचाच थांबलाय आणि आबा माझ्यावर चिडलेत. आणि उद्या तो दुसऱ्या देशात गेला तर आबांचं काय करायचं?
— एक सून, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातले दोन प्रश्न कायद्याचे आहेत. ते सोपे, म्हणून आधी उरकतो.

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९५१ चा जागतिक निर्वासित करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. जर्मनीत किंवा कॅनडात माणूस सरकारी कचेरीत जाऊन आश्रयाचा अर्ज करतो, तसा अर्ज घेणारी खिडकी आपल्याकडे नाही. कायद्याच्या लेखी तुमचा भाडेकरू हा इतरांसारखाच एक परदेशी नागरिक. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झालाय. व्हिसा संपल्यावर राहिलं तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून पहिलं काम हे : व्हिसा जिवंत असतानाच त्याने ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर मुदतवाढीचा अर्ज टाकावा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात होते. तिथं त्यानं स्वतः जावं, सोबत तुमच्यापैकी कुणीतरी जावं. घरी का जाता येत नाही ते तारखांसकट, साध्या भाषेत लिहावं. अर्जात रडगाणं नको आणि लपवाछपवीही नको.

दुसरं काम दिल्लीत. तिथं यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं कार्यालय आहे. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळांचं आपलं सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे लोक या कार्यालयाकडे जातात. आधी नोंदणी, मग लांबलचक मुलाखत, मग निर्णय. वेळ लागतो. तिथं मिळणारं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. पण चौकशीत जिवाची भीती खरी दिसली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याला केंद्राने २०११ साली ठरवलेल्या कार्यपद्धतीत वाव ठेवलाय. या कार्यालयाचं कुठलंच काम पैसे घेऊन होत नाही. ‘पन्नास हजारात कार्ड काढून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला कट्ट्यावर बसवा आणि आबांच्या ताब्यात द्या.

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं नाव कुणी ना कुणी घेणारच. २०१९ चा तो कायदा अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेशातून २०१४ संपेपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी आहे. तुमच्या पत्रावरून हा मुलगा त्यात बसत नाही. मात्र जगण्याचा हक्क देणारं घटनेचं २१ वं कलम परदेशी माणसालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात बजावून सांगितलंय.

तुमची बाजू एवढीच : खोली देताना २४ तासांच्या आत परदेशी भाडेकरूची ऑनलाइन माहिती दिली होती का ते बघा. राहिली असेल तर वाट न बघता पोलिसांकडे जाऊन देऊन टाका. करार नोंदणी केलेला असू द्या, पावत्या जपा. गल्लीतल्या त्या गृहस्थांना सांगा, पोलिसांना आम्हीच सगळं कळवलंय, तुम्ही कशाला त्रास घेता.

आता भाडं. ताई, भाडं घ्या.

अर्धं घ्या, तीन महिन्यांनी एकदम घ्या, वहीत मांडून ठेवा, पण माफ करू नका. हे वकील म्हणून सांगत नाही. गांधीनगरच्या बराकीत वाढलेला माणूस म्हणून सांगतोय.

माझे आई-वडील सिंधमधले, शिकारपूरचे. कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याणची छावणी, आणि तिथून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या रिकाम्या बराकी, म्हणजेच आजचं गांधीनगर. आमच्या आधी तिथं पोलंडची माणसं राहून गेली होती. त्यांना भाजी घालणारी वळिवड्याची एक मावशी होती. पोलिश बायका सारख्या बीट मागतात म्हणून तिनं मळ्यात बीटाचे वाफेच धरले होते. पोलिश माणसं गेली आणि बीट राहिलं. मग आमचे लोक उतरले. मावशीचा हिशेब सरळ होता : छावणीतली माणसं बीट खातात. पाटी डोक्यावर घेऊन आली ती थेट आमच्या बराकीत. आईनं जन्मात बीट शिजवलं नव्हतं. तिला हवी होती भें, म्हणजे कमळकाकडी. ती कोल्हापुरात कुठून मिळणार? आईला मराठी येत नव्हतं, मावशीला सिंधी येत नव्हतं, तरी दोन पैशांवरून दोघींचं रोज वाजायचं. आई शेवटी बीट साईभाजीत, म्हणजे आमच्या पालकाच्या हिरव्या भाजीत घालायला लागली. लाल साईभाजी मी लहानपणी इतकी खाल्लीय की ती तशीच असते असं मला मोठेपणी मुंबईला जाईपर्यंत वाटायचं.

वडील खांद्यावर कापडाचे तागे टाकून उचगाव, मुडशिंगी, चिंचवाड पायी फिरायचे. एका पावसाळ्यात तापाने पडले. घरात येणारा पैसा थांबला. मावशीला कळलं तशी ती म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे पैसं, भाजी घे.’ आईनं भाजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मावशीची हाक ऐकून दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशीही तेच. शिकारपूरला जिच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नव्हतं, ती बाई पंक्तीच्या दुसऱ्या बाजूला बसायला तयार नव्हती. मावशी अडाणी असेल, बावळट नव्हती. तिनं दारावर थाप मारली, पाटी खाली आदळली आणि म्हणाली, ‘फुकट न्हाई देत बाई. पापड दे त्येच्या बदली.’ आई तेव्हा पापड लाटून विकायची. तिथून पुढं भाजीवर पापड आणि पापडावर भाजी हा हिशेब मावशी असेपर्यंत चालू होता. तो कधीच फिटला नाही, दोघींना फेडायचाही नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीची हळद मावशीनं दळली आणि मावशीचा मुलगा गेला तेव्हा आई तिच्याजवळ जमिनीवर झोपली.

तुमच्या यजमानांचं मन मोठं आहे, यात शंका नाही. पण त्या मुलाच्या हातात या गावात एकच गोष्ट उरली होती : महिन्याच्या महिन्याला भाडं देणारा भाडेकरू असणं. त्याच्या बळावर तो आबांशेजारी कट्ट्यावर बसत होता आणि आबांनी चुका काढल्या तर उलट उत्तर देत होता. भाडं माफ झाल्यावर त्याला आबांचं नुसतं ऐकून घेणं भाग पडलं असतं, म्हणून तो खाली यायचाच थांबला. यजमानांना म्हणावं, वर जा आणि सांग, ‘घरखर्च भागत नाही, जमेल तेवढं दे, बाकीचं लिहून ठेवतो.’ थोडं खोटं असलं तरी चालेल. मात्र भाड्याच्या बदल्यात त्याला नोकरीसारखं कामाला लावू नका, विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही. बदाम वाटणं त्यात धरत नाहीत. आबांना सांगा, रुसून बसू नका, जिन्याखाली उभं राहून ओरडा : बदाम भिजवलेत, कोण वाटणार?

तो गेला तर? ताई, तिसऱ्या देशात पुनर्वसन फार थोड्यांच्या वाट्याला येतं आणि त्याला वर्षं लागतात, तेव्हा बॅग भरायची घाई नाही. पण कधीतरी जाईल, आणि त्यानं जावं. त्याला आई आहे, बहिणी आहेत, पुढचं आयुष्य आहे. आबांना हे आजच सांगा. ज्या माणसानं मैदानात चितपट होऊन पुन्हा हात मिळवलाय त्याच्यापासून एवढी गोष्ट लपवायची गरज नाही. उलट त्यांना कामाला लावा : या मुलाला घेऊन तालमीत जा म्हणावं. शिवाजी पेठेत आणि गंगावेशीत तालमींना तोटा नाही. तिथं चार पोरं त्याच्या ओळखीची होतील आणि आबांच्याही होतील. आबांचं सगळं बोलणं एकाच माणसावर टेकलेलं आहे, ते मला धोक्याचं वाटतं. अफगाणिस्तान त्यामानाने लांब आहे.

प्रश्न : ‘कोल्हापूरच्या महाराजांनी दुसऱ्या महायुद्धात पाच हजार पोलिश अनाथ मुलांना दत्तक घेतलं’ असा संदेश मोबाईलवर फिरतोय. खरा आहे का?
— कसबा बावडा

उत्तर : यात दोन गोष्टींची खिचडी झालीय. अनाथ मुलांची गोष्ट जामनगरची. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडीला हजाराच्या आसपास पोलिश मुलांची छावणी उभारू दिली. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात राहिले ते सुमारे पाच हजार पोलिश लोक : बायका, मुलं, म्हातारी माणसं. बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलंही १९४६ मध्ये इकडंच आली.

राहिला महाराजांचा प्रश्न. राजाराम महाराज १९४० मध्ये गेले. १९४३ साली गादीवर लहान मूल होतं आणि राजमाता ताराबाई रीजंट, म्हणजे त्याच्या वतीने कारभार बघणाऱ्या होत्या. छावणी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या व्यवस्थेतली. खर्च बराच काळ लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या नावे पडत होता. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढली, त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्था आल्या. दरबाराने आपल्या हद्दीत जागा दिली, आणि युद्धाच्या महागाईत पाच हजार परक्यांना जागा देणं ही काही लहान गोष्ट नव्हे. तिला दत्तकविधानाची झालर लावायची गरज नाही.

हे लोक इथवर आले कसे, ते संदेशात नाही. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया पोलंडमध्ये घुसले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घरांतून उचलून मालगाड्यांतून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा स्टालिनने त्यांना ‘माफी’ दिली. कसल्या गुन्ह्याची, ते विचारू नका. जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेबरोबर १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ते इराणात उतरले. पुरुष फौजेबरोबर लढायला गेले, त्यांच्या बायका-मुलांपैकी काही कराचीमार्गे वळिवड्याच्या स्टेशनावर. इथं त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारलं, नाटकं बसवली, स्काउटच्या तुकड्या चालवल्या. पंचगंगेत त्यांची पोरं पोहत.

युद्ध संपल्यावर परत जायला गाव उरलं नव्हतं. याल्टाला ब्रिटन, अमेरिका आणि रशियाच्या वाटाघाटीत बहुतेकांचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. मग कुणी पोलंडला, तर बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला गेले. काही मुलींनी कोल्हापुरातल्या मुलांशी लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. बाकीच्यांपैकी काही जण म्हातारपणी पुन्हा येऊन गेले. २०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्याला स्मृतिस्तंभाचा कार्यक्रम झाला तेव्हाही लहानपणी छावणीत राहिलेली माणसं आली होती. महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्तंभ आहे. तिथं फिरायला येणाऱ्या किती जणांनी त्यावरचा मजकूर वाचलाय, देव जाणे. वॉर्सातही कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली आणि त्यानंतर हा दत्तकाचा संदेश जोरात सुटला, असा माझा कयास.

प्रश्न : माझी आजी वळिवड्याची. तिच्या ट्रंकेत एका गोऱ्या मुलीचा फोटो सापडला. दोघी एकाच वयाच्या दिसतात, अंगणात उभ्या. पाठीमागं पेनाने काहीतरी परक्या भाषेत लिहिलंय. आजी आता नाही. ही कोण ते शोधता येईल का?
— उचगाव

उत्तर : येईल, धीर हवा. आधी फोटोच्या दोन्ही बाजू उजेडात स्वच्छ स्कॅन करा. मागचा मजकूर आपल्या अंदाजाने उतरवून काढू नका. पोलिश अक्षरांना खालीवर शेपट्या आणि टिंबं असतात, एक गळालं तरी आडनाव बदलतं. पोलिश जाणणाऱ्या माणसाकडून तो वाचून घ्या.

नाव हाती लागलं की विचारण्याच्या जागा अशा : १९४२ ते ४८ मध्ये भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची स्वतःची संघटना आहे, असोसिएशन ऑफ पोल्स इन इंडिया. त्यांनी छावणीची कागदपत्रं आणि आठवणी वर्षानुवर्षं गोळा केल्यात. लंडनमध्ये पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियममध्ये परागंदा सरकारचे कागद आहेत. जर्मनीतल्या आरोल्सन अर्काइव्ह्जमध्ये युद्धोत्तर विस्थापितांच्या नोंदी आहेत आणि बऱ्याचशा घरबसल्या फुकट शोधता येतात. आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही दरबाराचा पत्रव्यवहार बघता येईल, पण तिथं व्यक्तीपेक्षा जमीन, पाणी, रेशन यांचे कागद मिळण्याची शक्यता जास्त.

दोन सूचना. मुलीचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं असणार, म्हणून जन्मवर्ष आणि आई-वडिलांची नावं धरून शोधा. आणि जन्मगाव आज पोलंडच्या नकाशावर दिसलं नाही तर ‘चूक आहे’ म्हणून सोडून देऊ नका, युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियाचे नकाशे बघा. त्या मुलखात एकेका गावाला दोन-तीन नावं असतात.

वळिवड्यात तुमच्या आजीच्या वयाचं कुणी असेल तर आधी त्यांना फोटो दाखवा. अर्काइव्ह्ज कुठं जात नाहीत, म्हातारी माणसं जातात. मूळ फोटो मात्र कुणाच्याही हाती, टपालाने किंवा कुरियरने, सोडू नका. मलाही पाठवू नका. माझ्या टेबलावर गेलेला कागद परत कसा मिळतो ते माझ्या अशिलांना विचारा.